सहावी पास दादा आणि दोन टिपर

जूनमधे, पहिल्या पावसाच्या आठवड्यात, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्यानं एक फॉरवर्ड टाकला. गोवा देशातल्या सगळ्यात श्रीमंत राज्यांपैकी एक, दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या अडीच पटीहून जास्त, गरिबी एक टक्क्याच्या खाली, खाली नारळाच्या झाडाचा फोटो आणि हात जोडलेले तीन इमोजी. त्यावर दादानं, म्हणजे भाच्याच्या बापानं, एवढंच लिहिलं, "आमकां कोणें सांगूंक ना." म्हणजे, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मी हसले आणि फोन ठेवून दिला. पण माझा धंदाच आकड्यांचा. सत्तावीस वर्षं डिचोली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत काढलीत, काउंटरवर लागले तेव्हा लेजर हातानं लिहायचं होतं, आता लोनच्या फाइली माझ्याकडे येतात. आकडा खोटा असला की माझ्या पोटात दुखतं आणि खरा असला पण पटत नसला की जास्तच दुखतं. हा एक टक्क्याखालचा आकडा खरा आहे बरं का. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा जो निर्देशांक आहे त्यात गोव्यात २०१५-१६ मधे ३.७६ टक्के लोक गरीब होते आणि २०१९-२१ मधे ०.८४ टक्के. आपल्याहून कमी फक्त केरळचा. त्याच काळात देशाचा आकडा जवळपास २५ वरून १५ वर आला. त्याआधीची तेंडुलकर समितीच्या पद्धतीची जी दारिद्र्यरेषा होती, खर्चावर मोजायची, त्यातही २०११-१२ मधे गोवा ५.०९ टक्के, सगळ्या राज्यांत कमी.

आता गंमत बघा. २०१५-१६ ते २०१९-२१. हा काळ आमच्या डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो काय सांगेल? मार्च २०१८ मधे लोखंडाच्या खाणी परत बंद पडल्या, माल वाहणारे टिपर ट्रक दारात उभे राहिले. म्हणजे आमच्याकडे पैसा नव्हता त्याच वर्षांत आमची गरिबी कागदावर चौथ्या हिश्शाहून कमी झाली. दादाचा मेसेज त्या अर्थानं अगदी बरोबर होता.

मग एका रविवारी मी त्या निर्देशांकाचे नियम प्रिंट काढून घेऊन बसले. आई समोर आठळ्या सोलत होती. नियम तसे सोपे आहेत. बारा गोष्टी बघतात. आरोग्याच्या तीन, शिक्षणाच्या दोन, आणि राहणीमानाच्या सात, म्हणजे स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घराची जमीन-भिंती-छप्पर, घरातल्या वस्तू आणि बँकेत खातं. प्रत्येक गटाला एक तृतीयांश वजन. घरात जे नाही त्याचं वजन मिळवायचं, ते एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरलं की घर गरीब. उत्पन्न किती, कर्ज किती, हे कुठंच विचारत नाहीत.

म्हटलं चला, आपलंच घर मोजू. साल १९८४. मी आठ वर्षांची, दादा अकरा.

गॅस नव्हता, चूल. संडास नव्हता, काजूच्या भाटाकडे, म्हणजे बागेकडे जायचं. वीज नव्हती, म्हणजे गावात आली होती, आमच्या घरात नव्हती, ते का ते पुढे सांगते. शेणानं सारवलेली जमीन. वस्तूंमधे बाबांचा एक ट्रान्झिस्टर, त्याच्या नियमात एकापेक्षा जास्त वस्तू लागतात, तेव्हा नापास. बँकेत खातं? आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो प्रश्न खोडूनच टाकला. फक्त पाण्यात पास, विहीर जवळ होती आणि कठडा बांधलेली होती. सातातल्या सहा गोष्टी नाहीत. आणि गंमत म्हणजे एवढ्यानं घर गरीब होत नाही! सातांचं मिळून एक तृतीयांश, म्हणजे एकेकाचं एक एकविसांश; सहांचं सहा एकविसांश, एक तृतीयांशला जरासं कमी पडतं.

अडकतं ते शिक्षणापाशी. घरात दहा वर्षांवरच्या एकानं तरी सहा वर्षांची शाळा पुरी केलेली हवी, नाहीतर एक षष्ठांश वजन अंगावर. बाबा चौथी, ते सुद्धा देवळाच्या मांडवात मास्तर बसायचे त्या काळातले. आई निरक्षर नाही पण शाळेत गेली नाही, पंचांग वाचायला भटजींच्या बायकोकडून शिकली. तेव्हा १९८४ चं आमचं घर गरीब, चांगलं ठणठणीत गरीब. १९८५ च्या एप्रिलमधे दादा सहावी पास झाला. आणि त्या दिवशी, नीती आयोगाच्या हिशेबानं, आम्ही गरिबीतून बाहेर पडलो! चूल तीच, सारवण तेच, काजूचं भाट तेच.

(मधे एक अडचण होती. प्रौढ माणसाचं वजन उंचीच्या मानानं फार कमी असलं तर तेही एक षष्ठांश. आई तेव्हा काडीसारखी होती. मी विचारलं तुझं वजन किती होतं गो, तर म्हणते "म्हजें वजन तुका कित्याक जाय?", माझं वजन तुला कशाला हवं? मग स्वतःच उठून ट्रंकेतून आरोग्य केंद्राचं पिवळं पडलेलं कार्ड काढून आणलं, चव्वेचाळीस किलो. उंची धरून हिशेब केला, दीड किलोनं वाचली. आम्हां पोरांची वजनं त्यात धरत नाहीत, पाच वर्षांखालच्या मुलांचीच धरतात.)

मला आधी हे हास्यास्पद वाटलं. अकरा-बारा वर्षांचा पोर परीक्षा पास होतो आणि घर गरिबीतून बाहेर? पण मग तिथंच बसून आठवायला लागले तर खरंच काही गोष्टी तेव्हापासून बदलल्या होत्या. भाटकाराकडून, म्हणजे जमीनमालकाकडून, हिशेबाची चिठ्ठी आली की आधी बाबा ती घडी करून खिशात ठेवायचे, दादा सहावीत गेल्यावर ती चिठ्ठी वाचली जायला लागली. काजूच्या बियांचं वजन, आगाऊ घेतलेले पैसे, वजा, बाकी. एकदा बाकीत अठ्ठावीस रुपयांचा फरक निघाला आणि बाबा पहिल्यांदा भाटकाराच्या ओसरीवर जाऊन "हें परत पळयात", हे परत बघा, असं म्हणाले. आई ही गोष्ट अजून सांगते, अठ्ठावीस रुपये मिळाले का ते मात्र दर वेळी वेगळं असतं.

आणि ही शाळा आली कुठून? १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा आमच्यासारख्या आतल्या गावांत सरकारी शाळा अशी गोष्ट जवळपास नव्हतीच. भाऊसाहेब बांदोडकर १९६३ मधे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या दहा वर्षांत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, काही काही तर कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्याशेजारी. भाऊसाहेब स्वतः खाणमालक. मला याची नेहमी गंमत वाटते, की खाणमालकानं आमच्या घरासाठी जे खरं उपयोगी काम केलं ते खाणीशिवायचं होतं. आमच्या वाड्यावरची शाळा एका खोलीची, चार वर्ग, एक मास्तर. तिथून चौथी करून दादा साखळीला हायस्कूलला चालत जायचा, पावसात पायजमा डोक्याला बांधून.

आता विजेचं. वीज घ्यायला घर कुणाचं ते लागायचं आणि घर आमचं नव्हतं. आम्ही मुंडकार. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा, बहुतेक पिढ्यान् पिढ्या त्याचंच काम करणारा. घर तुमच्या आज्यानं बांधलेलं असलं तरी कौल बदलायला विचारायचं, दारात माड लावायला विचारायचं, आणि कनेक्शनच्या अर्जावर ना-हरकत त्याची. आमचा भाटकार वाईट माणूस नव्हता, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान पाठवायचा, बाबा आजारी पडले तेव्हा गाडी दिली. फक्त सही देत नव्हता. सही दिली की हक्क तयार होतो हे त्याला माहीत होतं.

१९७५ ला मुंडकार कायदा आला, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या तेव्हा. मुंडकाराला घरातून काढता येणार नाही आणि घर नि भोवतालची जागा ठरवून दिलेल्या किमतीला विकत घेता येईल. कायदा १९७५ चा, आमच्या हातात कागद आला १९९१ ला. मधली वर्षं मामलेदाराच्या कोर्टात तारखा. बाबा तारखेला जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि परत येताना साखळीहून चार पाव आणायचे, म्हणून आम्हाला तारीख म्हणजे पाव एवढंच कळायचं. शेवटी तीनशे चौरस मीटर आमच्या नावावर झाली. ती तीनशे मीटर कुठल्याच निर्देशांकात नाही. घर कसलं आहे ते विचारतात, कुणाचं आहे ते नाही विचारत. पण आईला विचारा गरिबी कधी गेली, ती दादाच्या सहावीचं नाव घेणार नाही, टिपरचं तर नाहीच नाही, ती म्हणते कागद आला त्या दिवशी रात्री बाबा अंगणात झोपले. पावसाळ्याच्या तोंडावर, डास चावत असताना. आपल्या जमिनीत झोपतो म्हणाले.

आता मी पतसंस्थेच्या टेबलावरून बघते तेव्हा कळतं त्या कागदानं काय काय केलं. सहा महिन्यांत वीज. त्याच कागदावर पहिलं पंधरा हजारांचं कर्ज, त्यातून संडास आणि मागची स्वयंपाकघराची भिंत चिऱ्याची. गहाण ठेवायला काहीतरी असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याच्याकडे कधी काहीच नव्हतं त्यालाच कळेल. २००० सालापर्यंत आमचं घर त्या बाराच्या बारा गोष्टींत पास झालं होतं. मी नोकरीला लागले होते, दादा एका खाणीवर दुसऱ्याचा ट्रक चालवत होता, गॅस होता, फ्रिज हप्त्यानं घेतला होता. आणि पैसा? पैसा बेताचाच होता, महिन्याच्या वीस तारखेनंतर आई मासळीवालीला दारावरूनच "फाल्यां", उद्या ये, म्हणून परत पाठवायची.

पैसा आला तो त्यानंतर. चीनला लोखंड हवं होतं. आधी आमचा माल जपानला जायचा, चांगल्या प्रतीचा तेवढाच. चीननं हलका मालही घ्यायला सुरुवात केली, मग वर्षानुवर्षं डोंगर करून टाकलेलं रिजेक्शन, म्हणजे नाकारलेला मालसुद्धा विकला जायला लागला. डंप उकरून सोनं निघतंय अशी अवस्था. २०१०-११ च्या आसपास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या पुढे माल जात होता. खाण ते आमोण्याचा नदीवरचा धक्का, खाण ते सारमानसचा धक्का, तिथून बार्जनी मांडवीतून मुरगाव बंदर. रस्त्यावर टिपरची रांग अशी की शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडायला बाई उभी करावी लागायची. दादानं २००७ ला पहिला टिपर घेतला, २०१० ला दुसरा.

त्या वर्षांत पतसंस्थेत काय चालायचं ते मी विसरू शकत नाही. एका आठवड्यात अकरा टिपरच्या फाइली माझ्या टेबलावर होत्या. शेतकरी, गवंडी, रिटायर झालेले मास्तर, एक तर देवळाचा पुजारी. हिशेब सगळ्यांचा एकच, ट्रीपा इतक्या, ट्रीपला इतके, डिझेल वजा, ड्रायव्हर वजा, हप्ता वजा, तरी महिन्याला हातात माझ्या पगाराच्या तिप्पट. मी फाइलीवर 'परतफेडीची क्षमता: चांगली' असं लिहायची आणि खोटं लिहीत नव्हते. सहा महिन्यांचं स्टेटमेंट तसंच दिसायचं. पतसंस्थेला ठेवी मिळत होत्या, कर्ज उठत होतं, वरची माणसं खूष. कुणी विचारलं नाही की सगळ्या अकरा जणांचं उत्पन्न एकाच नळातून येतंय, नळ बंद झाला तर काय. मी पण नाही विचारलं. माझ्याच घरात दोन उभे होते.

आमच्या घराला स्लॅब झाला. मागे ड्रायव्हरांना राहायला तीन खोल्या बांधल्या. भाच्याला इंग्रजी शाळेत घातलं. दुसरीकडे आमची खालची कुंपणालगतची शेती गाळानं भरली, खाणीतलं लाल पाणी पंपानं ओढ्यात सोडायचे ते पावसात शेतात यायचं, पुढे तिथं तांदूळ केलाच नाही कुणी. कठड्याची जी विहीर, १९८४ ला आम्हाला पास करणारी, ती २०११ च्या एप्रिलमधे पहिल्यांदा आटली. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की आजूबाजूच्या विहिरी जातात, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा खाणीचाच टँकर यायचा पाणी घेऊन आणि आम्ही आभार मानायचो!

सप्टेंबर २०१२ ला सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. शहा आयोगाचा बेकायदा खाणकामाचा अहवाल आला होता. बेकायदा होतं का? होतं, डोळ्यांसमोर होतं, त्यावर मला भांडायचं नाही. एप्रिल २०१४ ला कोर्टानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, थोडं सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द, १६ मार्चपासून पुन्हा बंद. पहिल्या बंदीनंतर राज्याचं सकल उत्पन्न सलग दोन वर्षं घसरलं. वाढ कमी झाली असं नाही म्हणत, उत्पन्नच खाली आलं.

माझ्या टेबलावर ते असं दिसलं. दिवाळीपर्यंत हप्ते आले. जानेवारीपासून सोनं यायला लागलं. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस सोनार येऊन बसतो, दागिना कसोटीवर घासतो, वजन सांगतो, मी पावती करते, कापडी पिशवी, सुतळी, लाखेचं सील. ज्यांच्या टिपरच्या फाइलीवर मी 'क्षमता: चांगली' लिहिलं त्यांच्याच बायका रांगेत. ओळखीच्या. कुणी हळदीकुंकवातली, कुणी शाळेतली मैत्रीण. एकीनं मंगळसूत्र काढताना मला विचारलं, वाट्या तेवढ्या काढून देता येतील का गो, मणी वजनात धरत नाहीत ना. मणी तिला परत दिले. आमची वहिनी आली तेव्हा मी ती पावती दुसऱ्या क्लार्कला करायला सांगितली आणि आत जाऊन पाणी प्याले.

सरकारनं कर्जात सवलत दिली, काही महिने ट्रकवाल्यांना मदत दिली, नाही असं नाही. पण उभा टिपर म्हणजे काय, बॅटरी उतरते, टायर बसतात, इन्शुरन्स चालूच, चेसिसमधून गवत वर येतं. दादाचा पहिला टिपर २०१६ ला भंगारात वजनावर गेला. ज्या गाडीचे ट्रीपला पैसे मोजले ती किलोवर विकली. दुसरा घाटापलीकडे कुणीतरी नेला, मिळाले ते हप्त्यांत गेले.

एवढं सगळं होऊन त्या बारा गोष्टींत आमचं घर एकदाही नापास झालं नाही! टिपर आले तेव्हा निर्देशांक हलला नाही, गेले तेव्हाही नाही. एका बाजूनं राग येतो, की वहिनीच्या हातातल्या पाटल्या गेल्या, दादाचं बीपी सुरू झालं, त्याची नोंद कुठं आहे? दुसऱ्या बाजूनं विचार केला की वाटतं, नोंद बरोबरच आहे. वरचा मजला कोसळला, जोतं हललं नाही. २०१३ ला बाबांना बांबोळीला सरकारी इस्पितळात, गोवा मेडिकलमधे एकोणीस दिवस ठेवलं होतं, तिथं बिलानं आम्हाला बुडवलं नाही. आईला राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार, वहिनीला गृहिणींसाठीच्या गृह आधारचे दीड हजार, माझा पगार, आणि घर आमच्या नावावर, भाडं नाही. सुरुवातीला आम्ही या पैशांना हसायचो, एवढ्यात काय होतं म्हणून. २०१८ च्या पावसात त्याच दीड हजारांत गॅस आणि रेशन झालं.

म्हणून मला ते लोक पटत नाहीत जे म्हणतात की खाण सुरू करा म्हणजे गरिबी जाईल, आणि जे म्हणतात खाणीनं फक्त नासच केला तेही पटत नाहीत. मागच्या तीन खोल्या खाणीच्याच पैशातल्या आहेत आणि आज त्यांच्या भाड्यावर आईची औषधं येतात. पण गरिबी आमच्या घरातून गेली ती त्याआधी, सावकाश, शाळेच्या रस्त्यानं आणि मामलेदार कचेरीच्या तारखांनी गेली, ज्या वर्षांत गोव्याच्या वाढीबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. आज पेडण्यात मोपाचा विमानतळ झाल्यावर जमिनी विकून लोकांकडे जो एकदम पैसा आलाय तो बघून मला आमच्या २०१० च्या फाइली आठवतात. त्यात तर टिपरसारखी भंगाराची किंमतसुद्धा नाही, जमीन गेली की गेली. आणि शिकलेली पोरं घरात बसलेलीच, २०२३-२४ मधे गोव्याची बेकारी देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त होती. कॉन्ट्रॅक्टवर फार्मा कंपनीत बारा तास उभं राहण्यापेक्षा सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट बघतात, आणि मी तरी कुठल्या तोंडानं बोलू, माझ्या भाच्यानं बी.कॉम. करून तीन वर्षं तेच केलं.

मागच्या तीन खोल्यांत आता ड्रायव्हर नाहीत. एकीत विजापूरकडचं एक कुटुंब आहे, तो गवंडी, ती त्याच्याबरोबर मदतीला, मुलगी आणि एक धाकटा. जवळच बंगल्यांची एक साइट चालू आहे तिथं कामाला. आमच्याकडचे लोक त्यांना काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या रविवारी आमचं घर मोजून झालं, कागद हातात होताच, म्हणून त्यांचंही मोजलं. टीव्ही आहे, मोबाइल आहे, गॅसचा छोटा सिलिंडर आहे, बँकेत खातं आहे. संडास तिन्ही खोल्यांना मिळून एक, तो नियमात चालत नाही, दोष माझा, मी बांधलेला. शाळा दोघांची नाही. आणि धाकटा अंगणवाडीच्या कार्डावर वजनात कमी. एवढ्यानं एक तृतीयांशाच्या वर जातं. म्हणजे श्रीमंत गोव्यात, माझ्याच परसात एक गरीब घर, आणि महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांच्याकडून भाडं घेते.

तो गवंडी दर शनिवारी संध्याकाळी फोनवरून गावी पैसे पाठवतो. परवा फोनमधला फोटो दाखवला, गावच्या घराचा, भिंती अर्ध्या, खिडकीला अजून लोखंड नाही. इथल्या बंगल्याला तो इटालियन फरशी बसवतो आणि त्याच मजुरीतून तिथं खिडकी. गोव्याचं दरडोई उत्पन्न काढताना पंधरा लाख माणसांनी भागतात, त्यातला काही वाटा असा शनिवारी संध्याकाळी विजापूरकडे जातो. जाऊ दे की. आमच्या सासष्टीचे लोक आखातात आणि तारवांवर जाऊन घरी पैसे पाठवत होते तेव्हा आपण त्याला अभिमानानं सांगायचोच ना.

त्यांची मुलगी आमच्या वाड्यावरच्या त्याच शाळेत शिकली, एका खोलीच्या. आता तिथं पक्की इमारत आहे, तीन खोल्या, पोरं मात्र अकरा, त्यातली आठ बाहेरगावच्या मजुरांची. आमची सगळी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधे जातात. ही आठ नसती तर पट कमी म्हणून शाळा कधीच बंद झाली असती. ती चौथी पास झाली. मराठी छान बोलते, आईशी कानडी, दुकानात कोंकणी. पाचवीला साखळीला घालायची तर राहण्याचा पुरावा मागितला, भाड्याचा करार हवा होता. आम्ही आजवर कधी करार केला नव्हता, कोण करतं? यंदा केला. स्टँप पेपर आणला, सही केली. साइटचं काम डिसेंबरात संपेल असं तो म्हणतो. मी त्याला म्हटलं दुसरं काम इथंच बघ, निदान दोन वर्षं. तो म्हणाला, मॅडम, दोन वर्षंच का? आता त्याला बारा गोष्टींचा कागद काढून कुठं समजावत बसू, म्हटलं बघ असंच.

आणि भाचा. फॉरवर्ड टाकणारा तोच. २०२२ च्या डिसेंबरात खाणींचे लिलाव सुरू झाले, २०२४ पासून आमच्या डिचोलीच्या भागात माल परत हलायला लागला, थोडाच, पण रस्त्यावर लाल धूळ दिसायला लागली की या तालुक्यातल्या माणसाला काहीतरी होतं. गेल्या सोमवारी तो पतसंस्थेत आला, घरी नाही, मुद्दाम ऑफिसात. हातात कोटेशन. टिपरचं. दादाला विचारलंस का म्हटलं तर म्हणतो पपा जामीन राहणार नाहीत, उलट कोटेशन बघून जेवण टाकून उठले. त्याचा हिशेब मी वाचला, ट्रीपा इतक्या, ट्रीपला इतके, डिझेल वजा, हप्ता वजा. आकडे बदललेत, अक्षर तेवढं दादासारखंच आहे.

"आते, फकत एक सही जाय."

मी नातेवाइकाची फाइल हाताळू शकत नाही, नियम आहे, ते सांगितलं. फाइल दुसऱ्या बाईकडे जाईल. पण जामीनदार म्हणून राहायला मला नियम आड येत नाही हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं, बी.कॉम. आहे शेवटी. फॉर्म घरी आणलाय. फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय, शेजारी आईच्या औषधांची यादी. आई येताजाता बघते, वाचता येतं तिला, पण विचारत नाही काही. मी त्याला सांगितलंय, चवथ होऊ दे, मग बघू.